मेरुरज्जूला पाटी वाचता येत नाही

भोसरी, तळवडे, कुरुळी, म्हाळुंगे. आमच्या पट्ट्यात पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर कुणाची बोटे गेली की अपघाताच्या कागदावर कारणाच्या रकान्यात बहुधा एकच गोष्ट लिहिलेली सापडते. कुठे ‘कामगाराचे दुर्लक्ष’, कुठे ‘निष्काळजीपणा’, कुठे ‘लक्ष विचलित झाल्याने’. शब्द बदलतात, रोख एकाच माणसावर राहतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, भोसरीत माझे क्लिनिक आहे. हे कागद फाइलमधून माझ्या टेबलावर येतात आणि त्यांच्यासोबत तो हातही येतो. दोन्ही वाचून झाले की मला दरवेळी वाटते, कागद लिहिणाऱ्याला हात कसा चालतो हे माहीत नसावे. माझे म्हणणे सरळ आहे: चालू प्रेसखाली सापडलेले बोट माणसाच्या सावधपणाने वाचेल, ही अपेक्षाच शरीरशास्त्राला धरून नाही. ज्या कामात हात आणि डाय, म्हणजे प्रेसचा साचा, यांच्यामध्ये फक्त माणसाचे लक्ष उभे असते, त्या कामातला अपघात यंत्राचा धरला पाहिजे, माणसाचा नव्हे.

हे पटवून द्यायला मला माझ्या टेबलावरच्या रबरी हातोडीपासून सुरुवात करावी लागेल. पाय लोंबकळत ठेवून बसवायचे आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हलका ठोका द्यायचा. पाय पुढे उडतो. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे याचे वर्णन छापले आणि तेव्हापासून ती हातोडी आमच्या खिशात आहे. ठोक्याने मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक अवयव असतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. तिथून निघालेला संदेश शरीरातल्या सर्वांत वेगवान चेतातंतूंपैकी एकावरून, सेकंदाला साधारण शंभर मीटरच्या वेगाने, मेरुरज्जूच्या कमरेकडच्या भागात पोचतो. तिथे एकच जोड ओलांडून तो प्रेरक चेतापेशीला भिडतो आणि त्याच स्नायूला आकसण्याचा हुकूम सुटतो. ठोक्यानंतर सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात स्नायूत विजेची हालचाल सुरू झालेली असते. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला ‘सैल हो’ असा निरोपही गेलेला असतो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत बसले असते. ही जोडकामाची रीत ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी उलगडली. चेतापेशींवरच्या कामासाठी १९३२ साली एड्रियन यांच्यासोबत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या सगळ्यात मेंदूची परवानगी कुणी मागितलेली नसते. त्याला बातमी कळते, पण काम होऊन गेल्यावर.

ही करामत तपासणीच्या टेबलापुरती नाही. शॉप फ्लोअरवर ती शिफ्टभर चालू असते. दोघांनी धरलेल्या क्रेटमध्ये तिसऱ्याने अचानक एक कास्टिंग टाकले, तर दंडाचा स्नायू ताणला जातो आणि ‘वजन वाढले’ हा विचार मनात येण्याआधीच तो घट्ट होऊ लागतो. ऑइल सांडलेल्या फरशीवर बूट घसरला की घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू स्वतःहून कामाला लागतात. कंडरेतले जोर मोजणारे अवयव स्नायूवर किती भार आला याचा हिशेब वेगळा पाठवत राहतात. चाकण–शिक्रापूर रस्त्यावर टेम्पोच्या मागे उभ्याने जाणारा हेल्पर खड्ड्यागणिक पडत नाही, त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या यंत्रणेचे आहे. मेंदू तिच्यावर देखरेख ठेवतो, तिची संवेदनशीलता कमी-जास्त करतो, पण प्रत्येक धक्क्याचे उत्तर स्वतः देत बसत नाही. तेवढा वेळच नसतो.

देखरेख म्हणजे काय, ते दाखवायची आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे. गुडघ्याचा झटका नीट मिळत नसेल तर रुग्णाला सांगायचे, ‘दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा.’ हात ओढत असताना ठोका दिला की पाय जोरात उडतो. मेंदू हातात गुंतला की मेरुरज्जूतल्या पायाकडच्या पेशी जास्त तयारीत येतात. मराठवाड्यातून आलेला एक तरुण कंबर दुखते म्हणून माझ्याकडे आला होता. सवयीने मी हे वाक्य बोलले आणि त्याने हात पुढे केले. उजव्या हाताची मधली तीन बोटे नव्हती, अडकवणार काय? ‘राहू द्या दादा, दात आवळा,’ मी म्हणाले. दात आवळूनही तेच साधते. मग तपासणी बाजूला ठेवून मी प्रेसचे विचारले. तो म्हणाला, ‘मॅडम, हात आपोआप गेला. साहेब म्हणतात, झोपला होतास.’

‘आपोआप गेला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते सबब म्हणून सोडून देणे मला जमत नाही. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. हात आपोआप आत का गेला, ही पहिली. आपोआप बाहेर का आला नाही, ही दुसरी.

दुसरी आधी घेऊ. आपल्या सर्वांचा अनुभव असतो की चटका बसला की हात कळायच्या आत मागे येतो. शाळेच्या पुस्तकात प्रतिक्षिप्त क्रियेचे हेच चित्र असते. फाउंड्रीत गरम कास्टिंगला चुकून मनगट लागले तरी हात झटकला जातो आणि भाजणे थोडक्यात निभावते. म्हणून मनात कुठेतरी भरवसा बसलेला असतो की शरीर आपल्याला वाचवेल. पण ही क्रिया गुडघ्याच्या झटक्याइतकी वेगवान नाही. टोचल्या-भाजल्याची पहिली तीव्र वेदना वाहणारे चेतातंतू बारीक असतात, त्यांचा वेग सेकंदाला पाच ते तीस मीटर. मागाहून येणारी ठणकणारी कळ तर सेकंदाला मीटर-दोन मीटरने चालते. बोटापासून मानेतल्या मेरुरज्जूपर्यंतचे अंतर ऐंशी-नव्वद सेंटिमीटर. तिथे संदेश एका जोडावर न थांबता अनेक पेशींतून फिरतो, कारण दंड, कोपर, मनगट अशा अनेक स्नायूंना एकत्र हलवायचे असते. मग हुकूम खाली जाणार, स्नायूत जोर भरणार आणि त्यानंतर हाताचे वजन हलणार. बेरीज केली तर सेकंदाचा दहावा हिस्सा उलटून गेल्यावर हात खरा हलू लागतो. गरम वस्तू तिथेच बसून असते, तिच्यासमोर एवढा वेळ पुरतो.

प्रेस बसून नसतो. माझे वडील टूल अँड डाय मेकर होते, त्यामुळे हा हिशेब मी घरी शिकले. मिनिटाला ६० स्ट्रोक मारणारा क्रँक प्रेस घ्या. क्रँकची एक फेरी एका सेकंदाची. स्ट्रोकची लांबी ८० मिलिमीटर आणि बोटाची जाडी १५ मिलिमीटर धरली, तर वरचा पंच बोटाला टेकल्यापासून डाय मिटेपर्यंत ढोबळमानाने सेकंदाचा सातवा हिस्सा मिळतो. आणि त्या वेळात मेरुरज्जूचे घड्याळ सुरू होते तेच मुळी बोट दाबले गेल्यावर, कारण वेदना झाल्याशिवाय ही क्रिया सुरूच होत नाही. हात ओढण्याचा जोर येईपर्यंत बोट दोन पोलादी पृष्ठांमध्ये पकडले गेलेले असते. कित्येकांच्या कंडरा मनगटाकडून ताणून तुटलेल्या असतात. मेरुरज्जूने आपले काम केले होते, हात ओढला होता, पण बोट सुटण्याच्या पलीकडे गेले होते.

‘पण डोळे उघडे ठेवले असते तर?’ डोळ्याने पाहून हाताने उत्तर द्यायला ताज्यातवान्या तरुण माणसालाही सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, तेही तो नेमक्या त्याच खुणेची वाट पाहत असेल तर. रात्रपाळीच्या उत्तरार्धात, सलग ओव्हरटाइमनंतर, हा वेळ वाढतो. म्हणजे लक्षाचा मार्ग प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षाही हळू. शिवाय जुन्या की-क्लच प्रेसचा एक जुना रोग आहे. की किंवा स्प्रिंग झिजली की पेडलवरून पाय काढल्यावरही स्लाइड, म्हणजे पंच धरणारा वरचा भाग, पुन्हा खाली येते. कामगार सांगतात, ‘मशीन डबल मारते.’ त्या वेळी हात डायमध्ये असतो तो तयार जॉब काढायला, म्हणजे जिथे असायला सांगितले आहे तिथेच. यात दुर्लक्ष कोणाचे?

आता पहिली गोष्ट, हात आत का जातो. हे मेरुरज्जूचे काम नाही, मेंदूचे आहे. पण विचार करणाऱ्या मेंदूचे नाही. पट्टी सरकवायची, पेडल दाबायचे, जॉब काढायचा. एका शिफ्टमध्ये ही साखळी हजारो वेळा होते. एवढ्या पुनरावृत्तीनंतर लहान मेंदू आणि त्याचे साथीदार ती ताब्यात घेतात आणि हालचाल सलग, जलद, विनासायास होते. सुपरवायझर ज्याला ‘हात बसला’ म्हणतो, ते हेच. हात बसल्याशिवाय टार्गेट पुरे होत नाही. मग एके क्षणी पट्टी तिरकी बसते आणि तोच बसलेला हात ती सरळ करायला जातो, पाय मात्र आपल्या तालात पेडलवर उतरलेला असतो. ज्या गुणासाठी माणसाला कामावर ठेवले, त्याच गुणाने त्याचा घात केला. त्याला निष्काळजीपणा म्हणणे हा अन्याय आहे.

ग्राइंडिंगवाल्यांच्या बाबतीत हेच वेगळ्या रूपात दिसते. थरथरणारे हत्यार हातात धरले की स्नायूंमधले स्पिंडल त्या कंपनाला ताण समजतात आणि मेरुरज्जू स्नायू आवळत राहतो. माणूस हत्यार गरजेपेक्षा घट्ट धरतो आणि त्याला ते कळतही नाही. संध्याकाळी बोटे बधिर आणि कोपर ठणकत माझ्याकडे येतो. कारखान्यात त्याला सांगितलेले असते, ‘सैल धर.’ सूचना मेंदूला देता येते, मेरुरज्जूला देता येत नाही. उपाय आहेत ते समतोल चाक, कंपन शोषणारी मूठ आणि पाळीपाळीने काम हे, भिंतीवर लावलेली पाटी नव्हे.

बोटे गेल्यानंतर काय होते तेही सांगायला हवे, कारण कागदावर तिथे गोष्ट संपते. जखम भरते, टाके निघतात आणि मग हात कशालाही लागू देत नाही. टॉवेलचे टोक थोटाला घासले तरी तो झटकून मागे ओढला जातो. मोठ्या इजेनंतर मेरुरज्जूतल्या वेदनेच्या पेशी जास्त संवेदनशील होतात आणि पूर्वी ज्याला उत्तर दिले नसते त्यालाही हात मागे घेण्याचे उत्तर देऊ लागतात. ज्या क्रियेला त्या दिवशी वेळ मिळाला नाही, ती पुढे महिनोन्‌महिने वेळी-अवेळी येत राहते. आम्ही कापूस, सुती कापड, तांदूळ, वाळू अशा चढत्या क्रमाने त्या हाताला स्पर्शाची पुन्हा ओळख करून देतो. त्या काळात माणूस हेल्परच्या पगारावर असतो, किंवा ठेकेदार बदललेला असतो.

कायद्याने या बोटांचा भाव फार पूर्वी ठरवून ठेवला आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के गेली असे धरले होते, पूर्ण तर्जनीचे १४ टक्के, एका हाताच्या चारही बोटांचे ५० टक्के. भरपाई मिळालीच पाहिजे आणि ती मिळवताना लोकांची दमछाक होते, हा वेगळ्या लेखाचा विषय. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक भाग भक्कम आडोशाने झाकण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. ‘कामगाराला सावध राहायला सांगा’ एवढ्यावर ते कलम थांबले नाही. कायदा करणाऱ्यांना शरीराची मर्यादा कळली होती. शॉपमध्ये ती अजून पोचलेली नाही.

माणसाकडे पुरेशी वेगवान प्रतिक्षिप्त क्रिया नाही, तर ती यंत्राला द्यावी लागेल. तशी सोय आहे. लाइट कर्टनमध्ये प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात त्यात शिरला की कुणालाही न विचारता क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो. तो किती दूर बसवायचा याचा हिशेब ठरलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानकात हाताचा वेग सेकंदाला १.६ ते २ मीटर धरतात आणि त्याला प्रेस थांबायला लागणाऱ्या वेळेने गुणतात. प्रेस थांबायला सेकंदाचा पाचवा हिस्सा घेत असेल, तर पडदा डायपासून निदान ४० सेंटिमीटर हवा, वर थोडे आणखी. इथे हाताला मागे यायचे नसते. हात पोचण्याआधी पोलाद थांबते.

मात्र यात एक फसवणूक सर्रास खपून जाते. जुन्या की-क्लच प्रेसचा क्लच एकदा लागला की फेरी पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही. अशा यंत्रावर सेन्सर लावला तर दिवा लागतो, बझर वाजतो आणि स्लाइड खाली येतच राहते. ऑडिटच्या फोटोत सेन्सर दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. अशा प्रेसला एकतर बोट शिरणारच नाही असा पक्का आडोसा आणि चिमट्याने किंवा चुंबकाने जॉब ठेवण्याची सोय हवी, किंवा ते यंत्र बदलायला हवे. दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणेही चांगली, पण ती एकमेकांपासून दूर, अर्ध्या सेकंदाच्या आत सोबत दाबल्याशिवाय न चालणारी आणि प्रत्येक स्ट्रोकला सोडावी लागणारी असतील तरच. आणि ती बटणे ऑपरेटरचे हात वाचवतात, समोरून जॉब ओढणाऱ्या हेल्परचे नाही.

भोसरीतले छोटे मालक माझ्याकडे कंबर दाखवायला येतात, तेव्हा त्यांचीही बाजू ऐकते. ‘मॅडम, सेन्सर लावला की पोरेच तो बायपास करतात. बटणाला पाचर मारतात.’ खरे आहे, करतात. नगावर किंवा टार्गेटवर पगार लावला की ज्या सोयीने वेग कमी होतो, ती सोय माणूस काढणारच. पाचर मारता येते हे बटणाच्या रचनेचे वैगुण्य आहे आणि मारावीशी वाटते हे टार्गेटचे. दुसरे म्हणणे पैशाचे: ‘वरची कंपनी दर वर्षी रेट कमी करायला सांगते, नवा प्रेस आणू कुठून?’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच प्रश्न भोसरीच्या गाळ्यापाशी संपत नाही. चाकणमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ब्रॅकेट, क्लॅम्प आणि वॉशर अशाच गाळ्यांतून येतात. गुरुग्राम-मानेसर भागातल्या जखमी कामगारांसोबत काम सुरू केलेली ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचा वार्षिक अहवाल काढते. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटे गमावण्यामागे पॉवर प्रेस हे मोठे कारण आहे, हे त्यात वर्षानुवर्षे दिसते. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रेस शॉपमध्ये आडोसे, सेन्सर सगळे असते. त्यांचे क्वालिटीवाले तिसऱ्या पायरीच्या व्हेंडरकडे जाऊन भोकाचा व्यास शतांश मिलिमीटरपर्यंत तपासतात. तोच माणूस तिथल्या प्रेसचा थांबण्याचा वेळ मोजू शकतो. सुटा भाग नाकारण्याचे अधिकार त्यांच्याकडे आहेत, तसेच विनाआडोशाच्या यंत्रावर बनलेला भाग नाकारण्याचेही आहेत. आणि आडोशाचा खर्च रेटमध्ये धरण्याचेही.

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. गेटवर बॅनर लागतो, शपथ होते, पोस्टर स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. मलाही बोलावतात, पाठीचे व्यायाम दाखवायला. मी जाते आणि मनापासून दाखवते. पण त्या आठवड्यात कारखान्यातल्या एखाद्या जुन्या प्रेसची की काढून तपासली, तर शपथेपेक्षा जास्त बोटे वाचतील.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माझी मागणी एका कागदापुरती आहे. प्रेसच्या अपघाताच्या अहवालात चार रकाने सक्तीचे करावेत. क्लच कोणत्या प्रकारचा होता? धोक्याच्या जागी हात शिरू शकत होता का, आणि शिरत असेल तर का? प्रेस थांबायला किती वेळ घेतो आणि तो शेवटचा कधी मोजला? त्या शिफ्टचे टार्गेट किती होते आणि माणूस किती तास कामावर होता? या चारांची उत्तरे लिहून, मोजून, सही करून झाली की खुशाल पाचवा प्रश्न विचारावा, की कामगाराचे लक्ष कुठे होते. तो विचारण्याची वेळ फारशी येणार नाही, अशी माझी खात्री आहे.